सावडण्यास कोण आले?

कान्हे, २ ऑगस्ट १९३६

चि. सौ. रतन हीस बापाचा आशीर्वाद. वि. वि. तू सोमाटण्यास सुखरूप पोचल्याचे समजले. तुझ्या आईला जाऊन आज चौदा दिवस झाले. मुंबईला महिपतीस कळवू नकोस. मागल्या साली माझा ताप ऐकून भाचा परीक्षा अर्धी टाकून आला. आता विसाला प्रबंध द्यायचा आहे. आईविना पोराला तिनंच वाढवलं. कळलं तर त्याचं लिहिणं थांबेल. मला भूक लागते, झोपही लागते, याची भीती वाटते. माया असू दे.

दत्तोबा

मुंबई, ७ ऑगस्ट

ती. मामांस शि. सा. नमस्कार. वि. वि. सोबत छापील प्रश्न आहेत. माणसं मोल न घेता एकमेकांसाठी का राबतात, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही, म्हणून आमचे सर त्याला समाजशास्त्र जोडतात. जुने प्राध्यापक या नव्या विषयाला खेचर म्हणतात. घडलं तसं लिहा, अक्षराची काळजी नको. घाईत आहे.

आपला महिपती

कान्हे, ११ ऑगस्ट

चि. महिपतीस आशीर्वाद. वि. वि. मामीला नमस्कार लिहिला नाहीस आणि कागदावर हे प्रश्न, म्हणजे तुला कळलंय. रतननंच लिहिलं असणार. विचारलंय तसं सांगतो.

सावडण्यास कोण आले? रखमाजी, मारुती, आळीतले पाचजण. काय आणले? नवं मडकं, दूध. वेळ किती लागला? थोडाच, ती अंगानं बारीक होती. तुम्ही परत काय दिले? काही नाही. त्यांच्याकडं वेळ आली की मी जाईन. पण तसं लिहू नको, वाईट दिसेल.

चुकलं असेल तर कागद परत धाड. जेवत जा.

दत्तोबा

मुंबई, १४ ऑगस्ट

ती. मामांस नमस्कार. वि. वि. प्रश्न भातलावणीचे होते. आपली सावड, आज मी तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही माझ्या. सरांनी भाषा नीट करताना तिचं ‘सावडणे’ केलं, मी तसंच छापून घेतलं. रतनताईनं काही कळवलं नव्हतं.

तुमचा कागद कॉलेजच्या पत्त्यावर आला, सरांनी माझ्याआधी वाचला. शेवटच्या उत्तराखाली रेघ ओढून म्हणाले, “सगळा विषय यात आहे. हे कोणत्या पिकाचं?” मी वाचलं आणि म्हणालो, “माझी मामी गेली.”

ते महिनाभराची सवलत देत होते, घेतली नाही. दोनच पानं उरलीत. हात चालतो आहे, रडू येत नाही. उद्या प्रबंध देतो, परवा दुपारी कान्ह्याला उतरतो. आल्यावर मी काय करायचं, ते तुम्ही सांगा.

आपला महिपती