ठिपक्यांची वही

४ जानेवारी
आलं ते लिहून ठेवते : ट्रंका दोन, स्टोव्ह, देवांची पेटी, गाद्या तीन. ट्रकभाडं साठ, हमाली आठ. मागितले दहा होते. देवाच्या कृपेने काही फुटलं नाही. यांना खाणीत कारकुनी मिळाली आणि राहायला यांच्या आत्याबाईंचं अर्धं घर, बिनभाड्याचं. रस्ता या गावातच संपतो. सगळे एकमेकांचे आते-मामे, म्हणून तोंडावळाही एकच. दुकानदाराला खाणीचा मुकादम समजून दोनदा नमस्कार केला. शेजारची दूधवाली म्हणाली, "देवाकडे साचाच एक होता, वहिनी." मुलगी शहरात माझ्या दादाकडेच आहे; परीक्षा संपली की तो तिला महिनाअखेर बसमध्ये बसवून देईल.

९ जानेवारी
आत्याबाईंना गाव वहीबाई म्हणतं. सोयरीक जमवायची तर दोन्हीकडचे आधी त्यांच्याकडे येतात. इथे काही घरांत मुलांच्या 'टाचा उचलतात'. पाचसहा वर्षांचं मूल चवड्यांवर चालू लागतं, मग बसतं, मग जातं. ज्या माणसाच्या रक्तात ते आहे, त्याच्या नावापुढे वहीत ठिपका. ठिपक्याला ठिपका द्यायचा नाही, नाहीतर मुलं तशी निघतात, असं एक डॉक्टर सांगून गेलेला. वही आत्याबाईंशिवाय कोणी उघडत नाही.
त्यांना स्वतःला मामेभावाला जबरदस्तीने दिलेलं. तिन्ही मुलं तशीच गेली. गाव म्हणालं, बाईचंच पाप. तिसऱ्याला न्यायला कोणी आलं नाही, एकटीने उचलून नेलं. हे सगळं दूधवालीने सांगितलं. माझा मुलगाही सहाव्या वर्षी असाच गेला. पण आम्ही तर शहरातले.

१५ जानेवारी
आत्याबाईंना आता नीट दिसत नाही. मी मॅट्रिक, अक्षर बरं, म्हणून वहीची नक्कल करायला बसवलंय. सवयीने ताळा घेतला. चाळीस वर्षांत त्यांनी जमवलेल्या सोयरिकी एकतीस. एकतीसही ठिपक्याला ठिपका. चूक असती तर कधी इकडे झाली असती, कधी तिकडे.
पाण्याच्या वाटेवर शाळेचं मैदान लागतं. चवड्यांवर नऊ मुलं.

१६ जानेवारी
विचारलं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, माझ्या तिघांना पाप म्हणाले ना, तेच पाप आता घरोघर वाटलंय. तू पान बारा बघ, सूनबाई.
पान बारावर आमचं लग्न. स्थळ पत्राने त्यांनीच सुचवलेलं. यांच्यापुढे ठिपका. माझी आजी याच गावची निघाली; तिच्यापुढे, आईपुढे, माझ्यापुढे ठिपका. माझंच काही चुकलं म्हणून अकरा वर्षं उपास करतेय मी.
खाली पेन्सिलीने माझी मुलगी. समोर मुकादमाचा मुलगा. दोघांपुढे ठिपका.

१९ जानेवारी
यांना सांगितलं. म्हणाले, आत्या चुकत नाही, आणि मुकादमाला नाही कोण म्हणणार? दूधवालीला सांगितलं. तिने कळशी खाली ठेवली. परक्या बाईने वहीबाईंवर तोंड टाकू नये म्हणाली. तुझा मुलगा तुझ्याच पापाने गेला असेल.
तेच शब्द.

२१ जानेवारी
आत्याबाई म्हणाल्या, तुझ्या मुलीचं नाव खोडते, पण जागा रिकामी राहत नाही, दुसरं तू लिही. पेन दिलं.
दूधवालीच्या मुलीपुढेही ठिपका आहे. रोज सकाळी दूध घालते, मला मामी म्हणते—
तिचं नाव लिहिलं. चांगल्या अक्षरात. देवापुढे बसवेना. पण छातीवरचं ओझं उतरलं, तेच तर—

२४ जानेवारी
तिच्या मुलीचं मुकादमाकडे जमलं म्हणून दूधवालीने हातावर साखर ठेवली. खाल्ली. गोड लागली.

२६ जानेवारी
पुढच्या पानावर माझी मुलगी पुन्हा. समोर दुकानदाराचा मुलगा. ठिपका. आत्याबाई म्हणाल्या, त्या पानावरचं खोडलं, वहीतलं कुठे खोडलं? अजून एक लिही, सुटेल.
नाही म्हणाले नाही. कोण कोण मला काय म्हणालं, ते आठवत बसले—

२८ जानेवारी
दादा, हे पान फाडून खाणीच्या लॉरीवाल्याकडे देतेय. तिला बसमध्ये बसवू नकोस. ती आली तर तिला सोडवायला मी एकेक करून सगळं गाव—
आत्याबाई हाक मारताहेत. पेनात शाई भरून ठेवलीय म्हणतात. हात शिवशिवतोय, दादा, मला त्यांची भीती नाही आता, मला—
उलट टपाली एवढंच कळव की ती निघालेली नाही, म्हणजे पुढचं नाव तरी मी