काकांना ज्यूस सांगितलं नाही

प्रिय आई,

तर नाही, तू शपथ घातलीस तरी मला भेटायला आलेल्या काकांना मी ज्यूसच्या कंपनीत आहे असं सांगितलं नाही. सरळ म्हटलं, मी वाइन चाखायला शिकते, पुढच्या महिन्यात परीक्षा आहे.

"म्हणजे प्यायला शिकतेस?"

"थुंकायला. चला, दाखवते."

आमच्या वर्गात प्रत्येकापुढे चाखलेली वाइन थुंकायला एक छोटी बादली असते, नाहीतर चढेल. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या थंड भागातल्या वाइन होत्या. तिथे द्राक्षं सावकाश पिकतात, त्यामुळे वास इतका नाजूक की अत्तर लावलेल्याला आमच्या बाई बाहेर काढतात. काकांना काढलं. ते बिचारे दारातून बघत होते.

सगळ्यांना चेरीचा वास आला. मी म्हटलं, मागून नुकत्याच सोललेल्या बिटाचाही येतोय. बाईंनी पुन्हा हुंगलं आणि मान डोलावली. "हे नाक कुणाचं?" म्हणाल्या. मी म्हटलं, आईचं. शेजाऱ्यांचं दूध करपलेलं तिला आधी कळतं.

मला लाज वाटत नाही, आई. माझ्या वतीने तू वाटून घेऊ नकोस. नापास झाले तर वाइनमध्ये नापास झाले असंच सांग, ज्यूसमध्ये नको. झोप कमी होतेय, पण जेवते वेळेवर. बाबांचा गुडघा कसा आहे? माझ्याशी बोलायचं नसेल तर नको, पण गोळ्या तरी घेतायत ना?

तुझं नाक घेऊन आलेली,
तुझी लेक

ता. क. काकांबरोबर त्या बाटलीचं बूच पाठवतेय. हवं तर दार लावून हुंग. मला बीट वाटलं, तुला कशाचा वास येतो?