पाणी वरून सोडलं

बाबा, मी शहापूरच्या घरात समुद्राच्या माशांची काचेची टाकी ठेवली आहे हे ऐकून तुम्ही आधी विचारलं असतं, हे मासे कापायचे कधी. आईनेही तेच विचारलं होतं. कापायचे नाहीत, नुसते बघायचे, असं म्हटल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुनेला म्हणाली, "याला काय कामधंदा नाय का गो?" तिचंही बरोबर आहे. इथून समुद्र कुठल्या कुठे, आणि मी गाळलेल्या पाण्यात विकतचं मीठ कालवून घरातल्या घरात समुद्र करत बसतो. पण तीच आई आता सकाळचा चहा टाकीसमोर बसून पिते. पाण्यात बोट बुडवून चाखते आणि रोज सांगते की मीठ कमी आहे. मीठ बरोबर असतं, मी मोजतो. तिची जीभ सुक्या बोंबलावर वाढलेली, तिला समुद्रही अळणीच लागणार.

तुम्ही गेल्यावर ती बरीच वर्षं म्हसा गावाजवळच्या आपल्या घरात एकटीच राहिली. गुडघे गेले तेव्हा तिला इकडे आणलं. इथे तिला करमेना. बिल्डिंगमध्ये शेजारी दार लावून बसतात, अंगण नाही, कोंबडी नाही. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवायची आणि मी कचेरीतून आलो की म्हणायची, उद्या सोड मला गावाला. टाकी आली तेव्हापासून पिशवी कपाटात गेली. दोनच मासे आहेत, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. त्यातला मोठा दुसऱ्याला खाण्याजवळ फिरकू देत नाही. ती म्हणते, हा तुझ्या बापासारखा हाय, जेवताना कोन मधी बोललेलं खपत नाय. एकदा तुमच्यावर घसरली की तुमची नक्कल करून दाखवते, मग तिला थांबवणं कठीण.

तुम्हाला यातलं काम आवडलं असतं. टाकीखालच्या कपाटात एक लहान हौद असतो. वरचं पाणी काठावरून ओघळून खाली येतं, हौदात गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हौदाचा मधला कप्पा नुसत्या शेवाळासाठी. तिथे मासा सोडायचा नाही. शेवाळ पाण्यातली घाण खातं, त्याच्या आडोशाला बारीक बारीक जीव वाढतात आणि पंपातून वर गेले की माशांना आयता घास होतो. हे वाचलं तेव्हा मला आपल्या सगळ्यात खालच्या खाचराचा कोपरा आठवला. तिथे तुम्ही भात लावत नव्हता, गुडघाभर खड्डा ठेवला होता, गवताने भरलेला. कापणीच्या आधी खाचरातलं पाणी सोडलं की आम्ही पोरं चिखलात मासे धरायचो, पण त्या खड्ड्यात हात घालायचा नाही. "बी ऱ्हाऊ दे," एवढंच तुम्ही म्हणायचा. आई चुलीवर कालवण ढवळताना कुरकुर करायची, तेवढ्या जागेत पायलीभर भात झाला असता म्हणून.

आणखी एक दिवस आठवतो. लावणी नुकतीच झालेली आहे. तुम्ही मला वरच्या खाचरातलं पाणी खाली घ्यायला सांगता. मी फावड्याने बांधाच्या माथ्यावरच खाच पाडतो. पाणी धबाधबा कोसळतं, खालची माती उकरली जाते, कालची रोपं तरंगायला लागतात. तुम्ही चिखल उडवत येता आणि माझ्या हातातलं फावडं हिसकावून घेता. "पानी पायाशी सोडायचं रे! वरून टाकशील तं रोप ऱ्हाईल का?" लावणीच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. तेव्हापासून मी आयुष्यात पाणी कुठेही वरून सोडलेलं नाही. बागेच्या झाडाला घालतानासुद्धा वाकतो.

म्हणून पंपाची पाणी वर नेणारी नळी बसवताना मी तिचं तोंड थेट टाकीच्या तळच्या वाळूजवळ नेलं. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तिकडे गेला. हौद कपाटात मावावा म्हणून लहान केला होता, त्यात शेवाळाला ऐसपैस कप्पा दिला, आणि जागा वाया कशाला घालवायची म्हणून काठोकाठ भरला. मग एका दुपारी वीज गेली. आपल्याकडे वीज जाणं ही काही बातमी नाही. पण पंप थांबला आणि ज्या नळीतून पाणी वर चढत होतं तिच्यातूनच ते उलटं खाली यायला लागलं. नळीचं तोंड तळाशी, म्हणून टाकी रिकामी होत आली तरी थांबेना. हौद भरला, कपाटातून पाणी फरशीवर आलं. आई उठली आणि घसरली.

मनगट मुरगळलं, बाकी वाचली. तशा हाताने तिने ओल्या चादरींचा बांध घालून पाणी मोरीकडे वळवलं, आणि बायकोने पातेल्यांत धरलेलं खारं पाणी परत टाकीत ओतलं, म्हणून मासे जगले. मी आलो तेव्हा बायकोने एकच वाक्य ऐकवलं. "एक तर ही टाकी राहील, नाहीतर आईंची हाडं राहतील, तुम्ही ठरवा." तिचं काही चुकलं नव्हतं. आई हाताला फडकं बांधून बसली होती. ती म्हणाली, "टाकी काढलीस तं माला म्हशाला नेऊन सोड." आणि कपाटातून पिशवी काढली.

नवा आराखडा मी फार धास्तीने केला. दुकानदार म्हणाला, नळीला उलटं पाणी अडवणारी झडप लावा. विहिरीवरच्या पंपाला आपण तशीच लावली होती आणि एखादं पान अडकलं की ती उघडी राहायची, म्हणून तिच्यावर विसंबलो नाही. शेवाळाचा कप्पा निम्मा केला, जिवावर आलं तरी. हौद अर्धा रिकामा ठेवला. आणि नळीचं तोंड वर घेतलं, पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली, म्हणजे वरचा थर ओसरला की नळीत हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. बाबा, मी पाणी वरून सोडलं. वाळू जागची हलली नाही. तुमचं म्हणणं भाताला लागू होतं.

मग आईला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवायला लावले आणि पंपाचं बटण मुद्दाम बंद केलं. पाणी खाली यायला लागलं. हौद चढत गेला. बायको फडकी घेऊन उभी. काठापासून वीतभर खाली पाणी थांबलं. आईने विचारलं, "थांबलं?" मी म्हटलं, थांबलं. तिने पाय खाली घेतले आणि म्हणाली, "मंग ते गावचं घर कुनाला तरी ऱ्हायला दे. बंद घराला वाळवी लागते."

मला हेच हवं होतं. ती माझ्याकडे राहावी म्हणून मी एवढा आटापिटा केला, तिची काळजी म्हणून, असं बायकोला वाटतं, आईलाही वाटतं. हे पत्र कुणाच्या हातात पडणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. तुमचे शब्द मला सगळे आठवतात, पण आवाज आठवत नाही. आई तुमची नक्कल करते, तेव्हाच तो ऐकू येतो.