सहलीत घातलेली रांधणी

माय, तुझ्या रांधणीत, स्वयंपाकाच्या खोलीत, मी कधी चप्पल घालून गेले नाही. शाळेतून पावसात भिजून आले तरी आधी ओसरीत पाय पुसायचे, मग आत. चुलीच्या बाजूला कोपऱ्यात मातीची ती चौरी, दिसायला छोटा ओटा, पण आपल्या घराण्याचा देव. सणावाराला तू ती हातानं सारवायचीस आणि परक्या माणसाला त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच ठेवायचीस. ही रीत कुणाला समजावून सांगायची वेळ येत नव्हती, कारण सालेकशाकडच्या आपल्या गावात घरोघरी तेच होतं.

वेळ आली ती माझ्यामुळे. मी नुकतीच गोंदियात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात लागले होते. मालकांचे मुंबईचे पाहुणे धबधबा पाहायला आले, त्यांच्यासोबत मला पाठवलं आणि परतताना मी त्यांना आपल्या घरी घेऊन आले. तू गडबडलीस, पण घटकेत लाखोरीची डाळ चुलीवर चढली, तांदळाच्या भाकरी थापायला घेतल्यास. पाहुण्यांतल्या एक बाई कॅमेरा घेऊन उठल्या. ‘आंटी, आपके किचन में एक फोटो?’ मला अजून दिसतेस. पिठाचा हात चौकटीवर आडवा ठेवून तू दारात उभी आहेस, डोक्यावरचा पदर सारखा करतेस आणि हसून सांगतेस, ‘अठी आमचा देव आहे, बाई. चूल काऊन पाहून राहिल्या? बसा, जेवाले वाढतो.’ त्या बसल्या. पोटभर जेवल्या. जाताना तू त्यांना आंब्याचं लोणचं बांधून दिलंस.

मी त्या रात्री घरीच राहिले. सकाळी मला बसपर्यंत सोडायला आलीस तेव्हा म्हणालीस, ‘त्यायच्यावर राग नाही व माझा. पाहुण्याले पोटभर वाढीन. पण घर का दुकान होय, सारं मांडून ठेवाले?’

तुझा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे तुला कधी सांगितलं नाही. तू गेल्यावर मात्र मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली. लोकांना ती आवडे, आणि मलाही बरं वाटे, जणू तो आडवा हात माझाच होता.

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे, स्टेशनच्या बाजूलाच. तिकिटांचं काम राहिलं नाही, ती लोक मोबाइलवर काढतात. मी परदेशच्या सहली आखून देते, ज्याला हवी तशी. गेल्या हिवाळ्यात एका राइस मिलवाल्यांच्या घरची जोडी मोरोक्कोला गेली, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. तुला हसू येईल, माय. वाळूत राहायचं, पण तंबूत गरम पाण्याचा नळ हवा. उंटावर बसायचं, पण कंबर धरते म्हणून थोडंच. गाडी यांच्या एकट्यांची, ड्रायव्हर इंग्रजी बोलणारा, जेवणात कांदा-लसूण नाही. हे सगळं मी जमवलं, आणि मला ते काम आवडतं, तेही खोटं कशाला सांगू. तरी जोडीतल्या बाईंचं, भाभीजींचं, मन भरेना. ‘होटल तो सब जगह होटल ही है. कुछ अलग बताओ ना.’ तेव्हा चहा पिता पिता मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. चूल, चौरी, चौकटीवरचा हात, सगळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रुमालानं डोळे टिपत त्या म्हणाल्या, ‘बस, ऐसा ही चाहिए मुझे. किसी माँ का असली किचन.’

मोरोक्कोत आमच्या सहली सांभाळणारा एक माणूस आहे, मी लगेच त्या तिकडच्या माणसाला कळवलं. त्याचं उत्तर आलं: वाळवंटाच्या कडेच्या गावात एक घर आहे, बाई चहा देईल, समोर बसून रोटी खाऊ घालील, पण पाहुण्यांनी बाहेरच्या खोलीत बसावं. आतली खोली तिची आहे. मी ते वाचलं. दोनदा वाचलं, आणि उलट कळवलं की पाहुणे खास आहेत, तिला पुन्हा विचारून पाहा. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, झालं, तयार आहे. ती कशी तयार झाली, हे मी विचारलं नाही.

भाभीजींनी तिथूनच व्हिडिओ कॉल केला. वाळूनं भरलेले बूट घालून त्या चुलीभोवती फिरत होत्या. ‘देखो देखो, बिलकुल आपकी मम्मी का किचन!’ मागं दारात ती बाई उभी होती, साधारण तुझ्या तेव्हाच्या वयाची. तिचा हात चौकटीवर होता, पण आडवा नव्हता, नुसता टेकलेला. ती भाभीजींच्या बुटांकडे पाहत होती. मग तिनं वर पाहिलं, फोनकडे, म्हणजे माझ्याकडेच. मी म्हटलं, ‘हाँ भाभीजी, बहुत सुंदर है.’ भाभीजींना दोष कसा देऊ? त्या बाईनं आधी नाही म्हटलं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. जो हात तू आडवा धरलास, त्याचीच गोष्ट सांगून मी दुसऱ्या बाईचा हात खाली करवला.

परत आल्यावर त्या मिठाई घेऊन ऑफिसात आल्या. तंबू, उंट सगळं मागं पडलं होतं, जो भेटेल त्याला त्या किचनचंच सांगत होत्या. आता त्यांच्या नणंदेला तीच सहल हवी आहे, अगदी तशीच.

तिकडच्या माणसाचा काल निरोप आला. त्या बाईनं नाही सांगितलंय, आता कुणालाच घरात घ्यायचं नाही म्हणते. ते वाचून मला इतकं हलकं वाटलं की खुर्चीवरून उठून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. पण निरोपाखाली आणखी एक ओळ होती: काळजी नको, पलीकडच्या गावात दुसरी एक बाई आहे, ती आत येऊ देईल, विचारू का?

हे तुझ्यापर्यंत पोहोचायचं नाही, म्हणूनच लिहू शकले. नणंदबाई आज दुपारी येतील. तिकडच्या माणसाला मी अजून ‘नको’ कळवलेलं नाही, माय.