आडवी डहाळी

डिगलीपूर, अंदमान
८ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. मीनाताईस,
दत्तूचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झालाय हे मला कळतं. तेव्हा आधी मनातल्या मनात शिव्या घालून घे, मग पुढे वाच. मी निघालो होतो मद्रासला, तेही नुसता समुद्र बघायला. बंदरात एवढी मोठी बोट उभी होती, की ही जाते तरी कुठे म्हणून विचारायला गेलो, आणि आता इथे आहे. हसू नकोस.

इथले डोंगर थेट समुद्रातूनच वर येतात. या खाडीवरून चढायचं, धारेवरून चालायचं आणि पलीकडच्या खाडीत उतरायचं, अशी दिवसभराची वाट आहे. लॉजवर येणाऱ्या पाहुण्यांना त्या वाटेने न्यायचं, हे माझं काम. यादव म्हणून बिहारकडचा जुना वाटाड्या आहे, त्यानेच मला ठेवून घेतलं. परवा ओढ्यात एक घोरपड दिसली, आपल्याकडच्या दोन मिळून एक होईल एवढी. मी तिच्या मागे गेलो आणि पाहुणे राहिले एकटेच उभे. यादव लय भडकला. तर ते असो.

सांगायचं वेगळंच होतं. धारेवर एकच फाटा आहे. डावी वाट खाडीत उतरते. उजवी चांगली रुंद दिसते, पण ती घळीत शिरते आणि पुढे नुसता कडा, खाली खडक आणि पाणी. पहिल्या दिवशी यादव पुढे होता आणि त्याने डाव्या वाटेवर डहाळी टाकलेली. आपल्या हरसूलच्या डोंगरात पुढचा माणूस डहाळी आडवी टाकतो ती चुकीच्या वाटेवर, इकडे येऊ नका म्हणून. मी आपला शहाण्यासारखा उजवीकडे वळलो. यादव ओरडत मागे आला नसता तर हे पत्र लिहायला मी नसतो. इथे सगळं उलटं. डहाळी म्हणजे इकडूनच या.

हे आईला वाचून दाखवू नकोस. दाजींना नमस्कार. कंडक्टर माणूस, म्हणावं इथे यायचं तर डबल बेल मारून चालणार नाही, पायीच चढावं लागतं.

माया आहे तेवढी राहू दे, राग जरा कमी कर.

तुझा
दत्तू

---

पंचवटी, नाशिक
२ डिसेंबर १९९८

चि. दत्तूस,
मीनाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, पण घोरपडीपर्यंतच. पुढचं न वाचताच मी कागदाची घडी घातली आणि तिने ते ओळखलं. तेव्हापासून ती धड जेवत नाही. मी हरसूलला भेटायला गेले की बाजाराला येते, पण माझ्याशी बोलायचं सोडून एसटीतून कोण उतरतं ते बघत बसते. समुद्रात डोंगर असतो हे तिला पटतच नाही. म्हणते, दत्तूला कोणीतरी फसवून नेलंय.

म्हणून तुझे दाजी स्वतःच निघालेत तुला आणायला. डेपोतून रजा घेतली. हा माणूस सपाटीत वाढलेला, आमच्या लग्नानंतर हरसूलचा डोंगर पहिल्यांदा चढला तेव्हा तिथल्या पोरी हसल्या होत्या, आठवतं ना? तेव्हा आईनेच त्यांना डहाळीचं शिकवलं होतं. आता मी त्यांच्याकडून उलटं पाठ करून घेतलंय, पाढ्यासारखं. तिथे डहाळी दिसली की तिकडेच जायचं. जेवताना विचारलं, आंघोळीला जाताना विचारलं. शेवटी चिडले आणि म्हणाले, मला काय तुझ्या बालवाडीत बसवलंय का?

गाडी मागे घेताना वाजवतात ती शिट्टीसुद्धा खिशात घालून गेलेत. मी म्हटलं, तिथे कुठली गाडी? तर म्हणाले, सवय आहे, खिसा रिकामा लागतो.

तुला तार केली आहे. हे पत्र बहुतेक त्यांच्याच बोटीने येईल. दत्तू, मला त्यांची काळजी वाटते. तू तरी वाऱ्यावरचा आहेस, पडलास तरी उठतोस. त्यांना तसं जमत नाही. त्यांना एकटं चालू देऊ नकोस.

दोघं सोबत या, म्हणजे भांडणही सोबतच करता येईल.

तुझी
मीनाताई

---

डिगलीपूर
१८ डिसेंबर १९९८

ती. सौ. मीनाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. वादळ येतंय म्हणून बोट आत्ताच सुटते आहे, पुढची कधी येईल ते कोणी सांगत नाही.

तुझी तार मिळाली होती, पत्र नव्हतं मिळालं. मला पाहुण्यांना घेऊन पलीकडच्या खाडीत जावं लागलं. यादवला सांगून गेलो, दाजी आले की माझ्या मागे घेऊन ये. पण त्याचं अंग तापलेलं होतं, म्हणून मनात आलं, दाजी एकटेच निघाले तर? फाट्यावर थांबलो. विचार केला की दाजी आपले, त्यांना आईने शिकवलेलंच माहीत असणार, इथलं उलटं त्यांना कोण सांगणार? म्हणून मी आपल्या पद्धतीने डहाळी टाकली. उजव्या वाटेवर. घळीच्या वाटेवर, ताई.

दाजी आलेच नाहीत म्हणून मी पाहुण्यांबरोबर होडीने परत आलो. यादव तापात पडलेला. म्हणतो, काल सकाळीच गेले, थांबायला तयार नव्हते, रजा संपेल म्हणत होते. वाट एकच आहे, फाट्यावर डहाळी असेल तिकडून जा, असं त्यानेही सांगितलं. आणि इथे खाटेवर दाजींच्या पिशवीशेजारी तुझं पत्र पडलंय. आत्ता वाचलं. पाढ्यासारखं पाठ करून घेतलंस.

तार ऑफिसात जाऊन आलो. कागद समोर घेतला, पण काय लिहू ते कळेना. म्हणून हे पत्र. मी आता वर जातोय. दोर घेतलाय, बरोबर लॉजवरचे दोघे आहेत. वारा सुटलाय आणि धारेवर ढग उतरलेत, वाट दिसत नाही.

आईला सांगू नकोस. मला काही बोलू नकोस, निदान मी परत येईपर्यंत.

दत्तू

---

पंचवटी, नाशिक
४ जानेवारी १९९९

चि. दत्तूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. त्यानंतर काही नाही. रोज कारंजा चौकातल्या फोनच्या बूथवर जाते, तुझ्या लॉजचा नंबर फिरवते, आणि फोनमधली ती बाई तेच सांगते, इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं. बूथवाला आता मला पैसे मागत नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

परवा हरसूलला गेले तर आईने विचारलं, पत्र आलं का? मी हो म्हटलं आणि तुझं तेच पत्र उघडून तिच्यासमोर धरलं आणि मनाचंच वाचत गेले. दाजी आणि दत्तू समुद्रावर फिरतात, मासे खातात, दाजींना उन्हाने काळं केलंय. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, एवढ्याशा कागदात एवढं सगळं मावलं होय? मी उठून आत गेले.

डेपोतून माणूस आला होता, हे कधी हजर होतात विचारायला. त्यांचा खाकी शर्ट मी धुऊन इस्त्री करून ठेवला आहे. रोज तो उलगडते आणि पुन्हा घडी घालते.

मी तुला काही बोलत नाही. तू त्यांचा विचार करून डहाळी टाकलीस आणि मी तुझा विचार करून त्यांना शिकवलं. रागवायचं तर कोणावर? नुसतं लिही. वाईट असेल तरी लिही. एक शब्द चालेल.

मीना

---

पोर्ट ब्लेअर
९ जानेवारी १९९९

ती. सौ. मीनाताईस,
दत्तूचा शि. सा. न. वि. वि.

दाजी जिवंत आहेत. काल केलेल्या तारेत एवढंच लिहिलं होतं, ती पोचली असेल. पाय मोडलाय, प्लास्टर आहे. वादळात तारा तुटल्या, बोटी बंद पडल्या, तोवर डिगलीपूरच्याच दवाखान्यात होतो. आता ते शेजारच्या खाटेवर झोपलेत आणि घोरतायत. इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नाही.

त्या दिवशी फाट्यावर माझी डहाळी तशीच पडलेली होती. तिच्यापुढे चिखलात त्यांच्या चपलांचे ठसे, सरळ घळीत गेलेले. आम्ही उतरलो. ढग असे की पुढे धरलेला हात दिसेना. मी हाका मारत होतो आणि वारा त्या परत तोंडात कोंबत होता. बरोबरचे दोघे मागे राहिले. आणि एका वळणावर माझ्या पायापुढे एक डहाळी पडलेली दिसली. हिरवी, ताजी मोडलेली, वाटेवर आडवी.

ताई, मी तिथे थिजलो. ही दाजींनीच टाकलेली. पण कुठली? तू शिकवलेली, की मी इकडून गेलोय, मागे ये? की आईने शिकवलेली, की इकडे येऊ नको? एक पाय उचललेला होता. खाली टाकू की मागे घेऊ ते कळेना. त्यांचं ऐकून मागे फिरलो आणि ते पुढे कण्हत पडले असतील तर? जन्मभराचा भटक्या मी, पण एका पावलाला इतका कधी घाबरलो नाही.

तेवढ्यात खालून शिट्टी आली. बारीक, तुटक. नाशिकच्या स्टँडवर गाडी मागे घेताना वाजवतात तश्शी. मागे, मागे, मागे. मी मागे सरकलो आणि तिथेच खाली बसलो. वारा फिरला, ढग जरा फाटले, तर डहाळीच्या पलीकडे जमीनच नव्हती. नेचे होते आणि त्यांच्याखाली समुद्र. दाजी बाजूला एका कपारीत अडकले होते. तिथून सरपटत वर येऊन त्यांनी ती डहाळी टाकली आणि पुन्हा घसरले. तोंडाला कोरड पडलेली, हाक येईना, म्हणून शिट्टी. मागचे दोघे आल्यावर दोराने त्यांना वर घेतलं.

नंतर मी विचारलं, डहाळी कुठल्या हिशोबाने टाकली? म्हणाले, शोधायला तूच येणार, आणि तू हरसूलचा. मग म्हणाले, टाकल्यावर आठवलं की तुला आता इथली सवय लागली असेल, तेव्हा भीती वाटली ती पडण्यापेक्षा मोठी होती.

त्यांना बोटीत चढवता आलं की निघतो. मीही येतोय. कुठली बोट कुठे जाते हे विचारायला मध्ये उतरणार नाही, दाजींनी माझी कॉलर धरून ठेवायची ठरवलंय.

आईला खरं ते सगळं वाचून दाखव, आता चालेल. आणि तिला सांग, आम्ही हरसूलला उतरू तेव्हा वाटेवर, दारात, कुठे काही खूण ठेवू नकोस. मला आता एकही कळणार नाही. तू आणि ती, नुसत्या स्टँडवर उभ्या राहा, दिसाल अशा.

बाकी राग काय तो भेटीत.

तुझा
दत्तू