नव्या नळीचं काडतूस

प्रिय मार्लिस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र तसंच बाजूला टाकशील, मला माहीत आहे. टाक. पण फेकू नकोस. एकदा वाच, मग मला हव्या त्या शिव्या घाल.

तुझी रायफल मी ऑर्विलकडे नेली. बंदुकीचं काम करणारा गावात तोच एक उरलाय, आणि त्याचेही हात आता थरथरतात. नळी आतून पार गंजली आहे. खेकसलाच तो माझ्यावर, "डेलबर्ट, अख्ख्या माँटानाला बंदूक पुसायला शिकवत फिरतोस आणि ही अशी ठेवलीस? लाज वाटू दे जरा!" त्या ऑक्टोबरनंतर एकोणीस वर्षं मी ती कपाटाबाहेर काढलीच नव्हती. नवी नळी बसवावी लागेल म्हणाला, आणि मग नेमकं विचारलं, "काडतूस कोणतं?" तुझी रायफल आखूड घडणीची, लांब काडतूस तिच्यात बसणार नाही. म्हणजे पूर्वीचंच बारीक टू-फोर्टी-थ्री, नाहीतर जाडजूड थ्री-ओ-एट, नाहीतर त्यांच्या मधलं सात मिलिमीटरचं. एरवी या विषयावर मी तासभर तोंडाचा पट्टा सोडला असता. गोळीचं वजन, वेग, खांद्याला बसणारा धक्का, सगळं मला पाठ. पण या वेळी नुसतं "उद्या सांगतो," म्हणून घरी आलो.

तुझ्या सोळाव्या वाढदिवसाला ते टू-फोर्टी-थ्री मीच निवडलं होतं. तुझी आई म्हणत होती, "डेल, एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याला हे पुरणार आहे का? पोरीच्या हातात नीट काहीतरी दे." मी तिला उडवून लावलं. वेग असला की वजन लागत नाही, असं मी कॅफेत टेबल बडवून सांगत होतो, आणि ते सिद्ध करून दाखवायला मला तू मिळालीस. काडतुसंही मीच घरी भरली, हलक्या, सुसाट गोळ्यांची. कोल्ह्यांसाठी ठीक होती ती.

त्या ऑक्टोबरात डोंगरात एल्क समोर आला आणि किती शांतपणे झाडलीस गं तू गोळी! एल्क गुडघ्यांवर आला, उठला आणि पाइनच्या दाटीत शिरला. दोन दिवस आपण रक्ताच्या थेंबांमागे फिरलो. मग बर्फ पडला आणि माग बुजला. जखमी करून गमावलेलं जनावरही आपल्याच परवान्यावर धरायचं, ही आपल्या घरची रीत. घरी आल्याबरोबर मी तुला परवान्यावर खाच पाडायला लावली, म्हणजे त्या वर्षाची तुझी शिकार संपली. रडत रडत पाडलीस. आठवडाभरात कॅफेत तुझं नाव पडलं, पोटफोडी. नेम चुकून पोटात मारली असणार, असा सगळ्यांचा हिशेब. "काय गं पोटफोडी, आज कुणाची आतडी?" हार्लन तुला विचारायचा आणि सगळे खिदळायचे. मी तिथेच बसून कॉफी प्यायचो. पुढच्या जूनमध्ये तू घर सोडलंस. आईला पुरायला आलीस तेव्हाही माझ्याशी चार शब्द बोलली नाहीस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. तो एल्क मला सापडला होता. सहाव्या दिवशी मी एकटाच वर गेलो, कावळे घिरट्या घालत होते तिथे. सुरीने खांदा उघडून बघितला. तुझी गोळी तसूभरही चुकली नव्हती, मार्लिस. मी शिकवलं होतं तिथेच बसली होती. पण हाडावर आपटून तिचा भुगा झाला होता, आत गेलीच नव्हती. चूक तुझ्या हाताची नव्हती, माझ्या काडतुसाची होती. खाली आलो आणि मूग गिळून गप्प बसलो. कॅफेत माझं नाक कापलं गेलं असतं ना! तुझं कापलं गेलेलं मला चाललं. आई गेली तीही तुझाच नेम चुकला असं समजून. आता नळीचं सांगायला दुसऱ्या दिवशी ऑर्विलकडे गेलो तर त्याने विचारलं, "वापरणार कोण, ते सांग. काडतूस मी सुचवतो." माझ्या उजव्या डोळ्यासमोर आता मधोमध काळा डाग असतो, मला नेम धरता येत नाही. आणि तू येणार नाहीस. "राहू दे, नळी नको," म्हणालो. तिथून थेट कॅफेत गेलो आणि सगळ्यांसमोर उभा राहून हे सगळं सांगितलं, काडतूस, हाड, माझं गप्प बसणं, सगळं. हार्लन म्हणाला, "कुठला एल्क, डेल? बस खाली, कॉफी गार होतेय." खोटं नव्हता बोलत तो. त्याला आठवतच नव्हतं. त्यांच्यातल्या एकालाही आठवत नव्हतं.

तू म्हणू दिलंस तर तुझाच,
बाबा