पट्टा की टायर

४ मार्च
वृत्तसंस्थेकडून आलेल्या लढाईच्या सगळ्या फोटोंखाली आज एकच शब्द — 'रणगाडा'! त्यातला खरा रणगाडा एकच. बाकीच्या चिलखती गाड्या, जवानांना पोटात घेऊन जाणाऱ्या. माझा धाकटा भाऊ अशाच गाडीचा ड्रायव्हर. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला होता, "ताई, वर तोफ बघत बसू नकोस. खाली बघ. साखळीचा पट्टा असला तर आमची असू शकेल, टायर असले तर माझी नाही." तेव्हापासून मी खालीच बघते. आधी चाकं, मग बातमी.

सगळ्या ओळी दुरुस्त केल्या. मुख्य उपसंपादक म्हणाले, "वाचकांना काय फरक पडतो हो? लोखंड ते लोखंड." काय बोलणार! यांच्या घरचं कुणी त्या लोखंडात बसत नाही.

५ मार्च
त्याचा फोन नाही.

६ मार्च
भावजय रोज संध्याकाळी फोन करते. आधी आईचे गुडघे, मग नळाचं पाणी, मग शेजारीण. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. शेवटी हळूच, "वन्सं, आज काही आलं होतं का?" मी म्हणते, "आला होता एका जळक्या गाडीचा फोटो. टायरची." मग ती मागे वळून आईला सांगते, "टायरची, टायरची." तेवढ्यावर दोघी जेवायला बसतात. सगळ्या घराचं जेवण माझ्या डोळ्यांवर! भीती वाटते या जबाबदारीची. पण त्यांना सांगितल्याशिवाय माझ्याही घशाखाली घास उतरत नाही.

८ मार्च
आज पट्ट्याची होती. उलटलेली. चहा कीबोर्डवर सांडला. फोटो मोठा करून पट्ट्यातली चाकं मोजली — पाच. त्याच्या गाडीला सहा असतात. म्हणजे समोरच्यांची. जीव भांड्यात पडला. घरी काही बोलले नाही.

११ मार्च
जळालेली गाडी, बंधाऱ्याला टेकलेली. टायर वितळलेत, पण टायरच! भावजयीची वाट न बघता मीच फोन केला. "टायरची आहे गं." ती चक्क हसली. मागून आईचा आवाज आला, "हसतेस काय, तीही कुणाच्या तरी लेकाचीच ना."

पान लावणारा घाईला आला होता. "मॅडम, फोटो तीन कॉलमात बसत नाही. कुठून तरी कापा." डावीकडून कापला. तिकडे नुसता बंधारा आणि त्यावर कुणीतरी बसलेलं. गाडी झकास बसली. खाली ओळ लिहिली, 'जळालेली आठचाकी चिलखती गाडी.' मुख्य उपसंपादक म्हणाले, "आता तुम्हाला सेनापतीच करायला हवं." हसले मी. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटते आहे.

१२ मार्च
त्याचा मोबाईल बंदच. मन चिंती ते वैरी न चिंती. डोळे मिटले तरी समोर पट्टे फिरतात. भावजयीला म्हटलं, तिकडे रेंज नसेल. ती म्हणाली, "हो, तसंच असेल." दोघींनाही ते पटलेलं नव्हतं.

१३ मार्च
दुपारी ऑफिसात फोन — धाकटा! इस्पितळातून. दोन्ही हात भाजलेत, नर्सनं फोन कानाशी धरला होता. बाकी ठीक आहे. सगळ्यांसमोर रडले.

मग म्हणाला, "ताई, मला गेल्या महिन्यातच पट्ट्यावरून काढून टायरच्या गाडीवर टाकलं. कळवायला जमलंच नाही." जरा थांबला. "गाडी पेटली तेव्हा कसाबसा बाहेर पडून बंधाऱ्यावर बसलो होतो. एक फोटोवाला आला. भाजल्या हातांनीच मुद्दाम हेल्मेट काढून त्याच्याकडे तोंड केलं. म्हटलं, फोटो ताईच्या टेबलावर जाईल, घरी कळेल मी जिवंत आहे ते. दिसलो ना?"

हो म्हणाले.

मग मूळ फोटो उघडला. डावीकडे बंधाऱ्यावर तो बसलाय. सरळ माझ्याकडे बघतोय.